बिली हॉलिडे : साक्षीदार म्हणून कोंडलेली मुलगी

१९२६ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात अकरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीवर शेजाऱ्याने अत्याचार केला. घरी परतलेल्या आईने तो प्रत्यक्ष पाहिला व पोलिसांना पाचारण केले. अत्याचारी माणसाला तीन महिन्यांची कैद झाली. मुलीलाही, खटल्यातील साक्षीदार म्हणून, सुधारगृहात ठेवण्यात आले. तिची सुटका पुढील फेब्रुवारीत झाली.

एलिनोरा फेगन हे तिचे मूळ नाव. जॅझ संगीताचे जग तिला बिली हॉलिडे म्हणून ओळखते. तिचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फियात झाला. वडील वादक, पण संसारात नसलेले. आई पोटासाठी दारोदार राबणारी. शाळा बुडविल्याबद्दल १९२५ मध्ये न्यायालयाने तिला प्रथम ‘हाऊस ऑफ द गुड शेपर्ड’ या सुधारगृहात धाडले होते. धर्मभगिनींनी चालविलेली ही संस्था कृष्णवर्णीय मुलींसाठी होती. त्याच वर्षी तेथे तिला स्नानसंस्कार मिळाला. अत्याचारानंतर तिची रवानगी झाली तीही याच घरात.

आपण कॅथलिकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या घराने तिला श्रद्धा दिली, त्याच घराचे दार त्या दिवसांत बाहेरून बंद होते. तेथील कठोर शिक्षांच्या आठवणी तिने १९५६ च्या आत्मचरित्रात सांगितल्या आहेत. या पुस्तकातील सर्वच तपशील चरित्रकार ग्राह्य मानत नाहीत. परंतु आपले काय चुकले हे न कळलेल्या मुलीचे दुःख त्यात खरे वाटते. अत्याचार झालेले मूल बहुधा स्वतःलाच दोषी मानते, हे आज मानसोपचारतज्ज्ञ जाणतात. त्याला प्रथम हवा असतो विश्वास आणि सुरक्षितता. बाल्टिमोरच्या न्यायव्यवस्थेने तिला दिली कोठडी.

पुढे मायलेकी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आल्या. १९२९ मध्ये, चौदाव्या वर्षी, वेश्यागृहावरील धाडीत ती पकडली गेली. त्या वयातील मुलीला कायद्याने पुन्हा आरोपीच ठरवले! सुटल्यावर ती लहानसहान क्लबांतून गाऊ लागली. आवाज मोठा नव्हता, शिक्षण नव्हते. पण शब्द किंचित मागे रेंगाळू देऊन गाण्याचा अर्थ पालटण्याची तिची हातोटी निराळीच होती. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग याने तिला ‘लेडी डे’ हे नाव दिले. कृष्णवर्णीय स्त्रीला सन्मानाने संबोधण्याची तेथे रीत नव्हती. ते ध्यानी घेता या नावाचे मोल कळते. १९३८ मध्ये ती आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वाद्यवृंदात गात असे. तरी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला पाहुण्यांऐवजी सामानाच्या लिफ्टने जावे लागले.

१९३७ मध्ये तिचे वडील टेक्सासमध्ये न्यूमोनियाने वारले. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत, हे शल्य तिच्या मनात होते. दोन वर्षांनी तिने ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत गायिले. जमावाने झाडाला लटकावलेल्या कृष्णवर्णीयांवरचे हे गीत एबेल मीरोपोल या ज्यू शिक्षकाने लिहिले होते. तिच्या नेहमीच्या ध्वनिमुद्रण कंपनीने ते घेण्यास नकार दिला. ‘कॅफे सोसायटी’ क्लबमध्ये ते शेवटी गायिले जाई. वाढपी थांबत, दिवे मालवत, केवळ तिच्या चेहऱ्यावर प्रकाश असे आणि गीत संपताच ती निघून जाई.

तरीही गाण्याने तिची जखम भरली असे म्हणणे खोटे ठरेल. मारहाण करणारे पुरुष तिच्या आयुष्यात येत राहिले. मद्य आणि हेरॉइन हेच वेदनेवरचे औषध झाले. १९४७ मध्ये पकडली गेल्यावर तिने रुग्णालयात उपचार मागितले. न्यायालयाने तिला एक वर्ष व एक दिवसाची कैद दिली. सुटल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, २७ मार्च १९४८ रोजी, कार्नेगी हॉल श्रोत्यांनी खचाखच भरले. मात्र न्यूयॉर्कमध्ये मद्य विकणाऱ्या क्लबांत गाण्याचा परवाना तिला नाकारण्यात आला. जेथे तिची रोजची भाकरी होती, तेच दार बंद झाले. व्यसन आजार आहे, हे म्हणणारे तेव्हा थोडे होते. आणि कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत तर आणखीच थोडे.

१९५९ च्या मेअखेर यकृत व हृदयाच्या विकाराने तिला मेट्रोपॉलिटन रुग्णालयात दाखल केले गेले. मृत्युशय्येवरच अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला अटक झाली. खोलीच्या दाराशी पोलीस बसले. १५ जुलैला तिला अखेरचे संस्कार मिळाले आणि १७ जुलैला, वयाच्या ४४ व्या वर्षी, तिचे निधन झाले. बँकेतील खात्यात ७० सेंट होते. न्यूयॉर्कच्या सेंट पॉल द अपोस्टल चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा अर्पण झाली. आत जागा न मिळालेले शेकडो लोक बाहेर रस्त्यावर उभे होते. ब्रॉन्क्समधील सेंट रेमंड या कॅथलिक दफनभूमीत तिला आईच्या सोबतीने विसावा मिळाला.