बधिर हातांचा कारागीर

बाबा आमटे यांच्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. पुरस्कारांची यादी, 'भारत जोडो'ची सायकलयात्रा, नर्मदाकाठचा मुक्काम हे सारे वाचकांना मुखोद्गत असते. त्यामानाने त्यांच्या कामाचा जो रोजचा, कंटाळवाणा आणि दुर्गंधीचा भाग होता, त्याची नोंद फारशी होत नाही. जखम धुणे, पट्टी बांधणे, टाचेची मेलेली कातडी खरवडणे, पायाला साजेशी चप्पल करून देणे, बोटे नसलेल्या पंजाला कुदळ धरता येईल अशी तजवीज करणे, या गोष्टींवर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे आनंदवन उभे राहिले. म्हणून बाबांचे चरित्र या अंगाने पाहायला हवे.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाट येथे झाला. 'बाबा' हे त्यांचे घरातले लाडाचे नाव. संतपणामुळे लोकांनी बहाल केलेली ती पदवी नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. घराणे जमीनदारांचे, वरोऱ्याजवळ गोरज्याची शेतीवाडी. तरुणपणी हाताशी मोटार होती, बंदूक होती, शिकारीचा नाद होता आणि इंग्रजी चित्रपटांचे वेड तर इतके की, ते त्यांवर परीक्षणे लिहीत. वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी वरोऱ्यात व्यवसाय सुरू केला. 1942 च्या आंदोलनात पकडलेल्यांच्या बचावासाठी ते उभे राहिले. आगगाडीत गोऱ्या सोजिरांनी एका स्त्रीची छेड काढली तेव्हा ते त्यांना एकटे भिडले आणि ही हकीकत कळल्यावर गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटले. डिसेंबर 1946 मध्ये नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबांनी भंगीकाम पत्करले आणि मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. अशाच दिवसांत पावसात गटाराकाठी पडलेला एक कुष्ठरोगी त्यांना दिसला. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. ते दृश्य पाहून बाबा घाबरले आणि तेथून निघून गेले. ज्याला गांधीजींनी निर्भयतेचे प्रशस्तिपत्र दिले होते, त्याला एका मरणासन्न माणसाची भीती वाटली. ती त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्या माणसावर आडोसा केला, त्याची सेवा केली. तो माणूस वाचला नाही. बाबांच्या आयुष्याची दिशा मात्र त्या ठिकाणी बदलली. पुढील वाटचालीची प्रेरणा करुणा होती, असे सर्रास सांगितले जाते. खरे तर आरंभी ती स्वतःच्या भयाशी दिलेली झुंज होती आणि बाबांनी हे कधी लपवले नाही.

भीतीवर मात करण्याचा त्यांनी निवडलेला मार्ग भावनेचा नव्हता, शिक्षणाचा होता. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 पासून कुष्ठधाम चालवले होते. तेथे जाऊन बाबांनी जखमा धुण्यापासून कामाचे धडे गिरवले. त्यानंतर 1949 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी या रोगाचा अभ्यास केला. ते डॉक्टर नव्हते, वकील होते. तरीही निदान, औषधाच्या मात्रा आणि सुई टोचण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले. कुष्ठाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हते, म्हणून प्रयोगासाठी त्यांनी आपले शरीर देऊ केले. जंतू टोचले गेले, पण रोगाने त्यांच्या अंगी मूळ धरले नाही.

या रोगाविषयीचे मूलभूत ज्ञान येथे सांगितले पाहिजे, कारण बाबांच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली त्यात आहे. नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 मध्ये कुष्ठाचा जंतू शोधला. हा जंतू कातडीबरोबर मज्जातंतूंवर घाला घालतो. कोपराजवळची नस निकामी झाली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पंज्यासारखे वळते, पायाची नस गेली की तळव्याची जाणीव जाते, चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही आणि उघडा डोळा धुळीने खराब होतो. बोटे रोगाने गळून पडतात ही समजूत चुकीची आहे. ज्याला चटका कळत नाही तो उकळत्या चहाचा पेला तसाच धरून ठेवतो, विडी बोटापर्यंत जळत आली तरी त्याला पत्ता नसतो, चपलेतला खिळा दिवसभर टाचेत रुतत राहतो. दुखत नाही म्हणून जखमेकडे लक्ष जात नाही, ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट आखडत आखडत नाहीसे होते. वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी हे स्वातंत्र्यानंतरच्या काळात पद्धतशीरपणे दाखवून दिले. वळलेल्या बोटांसाठी स्नायूबंध हलवण्याच्या शस्त्रक्रियाही त्यांनीच रूढ केल्या.

याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा होता. औषधाने जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणजे रोग बरा झालेल्या माणसालाही उरलेले आयुष्य डोळ्यांनी ते काम करावे लागते, जे इतरांसाठी वेदना करते. रोज रात्री तळवे न्याहाळायचे, आरसा धरून टाच पाहायची, पाय पाण्यात भिजवून राठ कातडी काढायची आणि ओल टिकावी म्हणून तेल लावायचे. चुलीवरचे भांडे सांडशीने किंवा जाड फडक्याने उचलायचे. अवजाराच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे वळलेल्या बोटांत ती बसते आणि घट्टेही पडत नाहीत. पायात खिळे नसलेली, आतून मऊ रबराची आणि बाहेरून टणक तळव्याची चप्पल घालायची. सूक्ष्म छिद्रांच्या रबराची ही साधी चप्पल पाय वाचवण्याच्या बाबतीत मोठ्या मोठ्या औषधांच्या तोडीची ठरली. शुश्रूषेचे शास्त्र म्हणतात ते हेच. त्यात चमत्कार काही नाही, चिकाटी मात्र अमाप लागते.

1949 मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. शासनाने वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ जमीन दिली. जून 1951 मध्ये बाबा, साधनाताई, विकास व प्रकाश ही दोन तान्ही मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, चार कुत्री आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर तेथे वस्ती झाली. विनोबाजींच्या हस्ते आरंभ झाला. रानात साप-विंचू पदोपदी, कुत्री श्वापदांनी एकेक करून नेली. प्यायला पाणी नव्हते, म्हणून पहिले काम विहीर खणण्याचे. अर्ध्याअधिक झडलेल्या हातांनी आणि एका वकिलाने मिळून ती खणली. शेजारच्या गावांतून आठवड्याचे दवाखानेही बाबांनी सुरू केले आणि सायकलवरून, पायी ते तेथे जात राहिले.

धान्य पिकले, भाजी आली, दूधही झाले, पण घेणार कोण? महारोग्याच्या हातचा वांगी-भोपळा वरोऱ्याच्या बाजारात कोणी शिवेना. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक पन्नाशीच्या दशकात आनंदवनात राहून इमारती बांधू लागले आणि तेच अन्न जेवू लागले, तेव्हा गावकऱ्यांचे धैर्य वाढले. परक्या देशातल्या तरुणांनी खाल्ले म्हणून आपल्या माणसाची भाजी आपल्याला चालू लागली! या गोष्टीचा अभिमान बाळगावा की खंत करावी, हे वाचकांनीच ठरवावे.

बाबांना भिकेची चीड होती. रुग्णाच्या झोळीत नाणे टाकणारा त्याच्या हातातले उरलेसुरले बळही काढून घेतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून आनंदवनात प्रत्येकाला काम मिळाले. हातमाग, चर्मकाम, छपाई, टिनचे डबे, शेती, बांधकाम असे उद्योग उभे राहिले. ज्याचे पाय गेले त्याला बसून करायचे काम आणि ज्याचे हात अधू त्याला चालण्याफिरण्याचे. एकाची उणीव दुसऱ्याच्या अंगबळाने भरून निघेल अशी ही वाटणी होती. पुढे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, अपंगांसाठी व्यवसायशिक्षण आले. आनंदवनातल्या हातांनी महाविद्यालयाची इमारत बांधली आणि वरोऱ्याची निरोगी मुले तेथे शिकायला आली. ज्यांच्या हातची भाजी चालत नव्हती, त्यांच्या हातच्या भिंतींच्या आत आता वर्ग भरू लागले.

या साऱ्यात साधनाताईंचा वाटा किती, हे सांगायला स्वतंत्र लेख हवा. स्वयंपाक, गुरे, रुग्णांच्या बायकांची बाळंतपणे आणि घरातल्या मुलांची आजारपणे हे सारे त्यांच्या अंगावर होते. चरित्रकार बाबांच्या विचारांवर पाने भरतात आणि ताईंच्या कष्टांना एक परिच्छेद देतात. आम्हीही येथे तेच करीत आहोत, याची जाणीव आहे.

या प्रयोगावर एक आक्षेपही घेतला गेला आणि तो क्षुल्लक नाही. आनंदवन स्वयंपूर्ण झाले, पण ते वेगळे गाव झाले. बहुविध औषधोपचार 1981 नंतर आले, रोग महिन्यांच्या हिशेबात बरा होऊ लागला आणि रुग्णाला घरातच ठेवून उपचार करावेत हे धोरण ठरले. तेव्हा वसाहती हव्यात कशाला, असा प्रश्न उभा राहिला. उत्तर द्यायचे तर 1951 साल लक्षात घ्यावे लागते. तेव्हा 1898 चा लेपर्स ॲक्ट लागू होता. तो संसदेने 2016 मध्ये रद्द केला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून जायला 2019 उजाडले. घरच नसलेल्याला घरी ठेवा असे सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय गोळ्यांनी जंतू गेले तरी सुन्न पाय घेऊन म्हातारे होणारी माणसे उरतातच. 2005 च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठाचे निर्मूलन झाल्याचे देशाने जाहीर केले, मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात.

बाबांची नजर वरोऱ्यापाशी थांबली नाही. 1967 मध्ये मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प आला आणि श्रमसंस्कार छावण्यांतून हजारो तरुणांच्या हाती कुदळ आली. त्यांनी मुलांना भामरागडच्या जंगलात सहलीला नेले आणि तेथील माडिया गोंडांची स्थिती पाहून काम करण्याचा मनोदय बोलून दाखवला. डिसेंबर 1973 मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज, रस्ता, पूल यांपैकी काहीही नसताना उपचार सुरू केले. शेकोटीत भाजलेले, अस्वलाने फाडलेले, मलेरियाने निपचित पडलेले रुग्ण येत. शुश्रूषेचे तेच धडे येथे वेगळ्या भाषेत पुन्हा गिरवले गेले.

दरम्यान बाबांचे शरीर त्यांची परीक्षा पाहत होते. मणक्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य केले, शस्त्रक्रिया होऊनही त्रास गेला नाही. उत्तरायुष्यातली अनेक वर्षे त्यांनी एक तर उभ्याने काढली, नाही तर आडवे पडून. दुसऱ्यांच्या शरीराला साधनांची जोड देणारा हा माणूस आता स्वतः तशाच जोडीवर जगत होता. तरीही 1985 मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर आणि बाबा मोटारीत टाकलेल्या बिछान्यावर. गावात पोहोचले की उठून उभे राहायचे, बोलायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. 1988-89 मध्ये इटानगर ते ओखा हीच रीत. 1990 मध्ये त्यांनी आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे मुक्काम हलवला आणि सुमारे दहा वर्षे तेथे काढली. धरणविरोधाच्या त्यांच्या भूमिकेशी अनेक चाहते सहमत नव्हते. सरकारच्या धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी 1991 मध्ये पद्मश्री आणि पद्मविभूषण परत केले.

मॅगसेसे (1985), संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार (1988), टेम्पलटन (1990), गांधी शांतता पुरस्कार (1999) असे सन्मान त्यांच्या वाट्याला आले. टेम्पलटनसारख्या पुरस्काराचे पैसेही कामातच गेले.

रक्ताच्या कर्करोगाने 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता देह तेथल्याच मातीत पुरण्यात आला. ती माती एके काळी खडकाळ होती. तीन वर्षांनी, जुलै 2011 मध्ये, साधनाताईही त्याच आनंदवनात विसावल्या.