स्कोअरकार्डवर नसलेलं नाव

मी डहाणू तालुक्यातल्या कैनाडचा. सुट्टीत गावी क्रिकेट खेळतो तेव्हा बॅटिंगला सगळे पुढे, फिल्डिंगला कुणीच नाही! हॉस्टेलवरही तेच. अशा वेळी मला लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी आठवतात.

जन्म पुण्याचा, १९१९ चा. सैन्यात अधिकारी आणि भारताकडून २१ कसोटी सामने. १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमदबरोबर शेवटच्या विकेटसाठी १०९ धावांची भागीदारी केली.

१९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते मॅनेजर होते. फिल्डिंगच्या बाबतीत एकदम मिलिटरी शिस्त! ओव्हलवर चंद्रशेखरने ६ बळी घेतले, सोलकरने ॲलन नॉटचा अफलातून कॅच पकडला, इंग्लंड १०१ वर गारद. इंग्लंडमध्ये आपण पहिल्यांदाच मालिका जिंकलो.

१९७४ ला मॅनेजर तेच, कॅप्टन वाडेकरही तेच. पण लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत सर्वबाद, मालिका ३-० ने गेली. तरी अधिकारी थांबले नाहीत, नव्या मुलांना शिकवत राहिले. २००३ मध्ये मुंबईत ते गेले.

मॅनेजरचं नाव स्कोअरकार्डवर नसतं. मित्रांनो, आपण निदान कॅचची प्रॅक्टिस तरी करूया!