मताची किंमत : सिनेटर जॉर्ज नॉरिस

अमेरिकेच्या संसदेला तेथे 'काँग्रेस' असे म्हणतात. आपल्या लोकसभा व राज्यसभेप्रमाणे तिचीही दोन सभागृहे आहेत. एक प्रतिनिधिगृह आणि दुसरे सिनेट. राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येक राज्यातून सिनेटवर दोनच सभासद जातात व त्यांची मुदत सहा वर्षांची असते. नेब्रास्का या शेतीप्रधान राज्यातून जॉर्ज विल्यम नॉरिस लागोपाठ पाच वेळा सिनेटवर निवडून गेले. सिनेटमध्ये महत्त्वाच्या प्रश्नांवर नावे पुकारून मते घेतली जातात आणि कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची कायमची नोंद राहते. नॉरिस यांच्या मतांची नोंद पाहिली म्हणजे त्यांचा पक्ष कोणता होता, हे ओळखणे कठीण जाते.

नॉरिस यांचा जन्म ११ जुलै १८६१ रोजी ओहायओ राज्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला आणि त्याच वर्षी वडीलही वारले. शेती आणि मोठ्या कुटुंबाचा भार एकट्या आईवर पडला. एकदा आई फळझाड लावत असता, याची फळे खायला तू थोडीच असणार आहेस, असे लहानग्या जॉर्जने तिला विचारले. आपण नसलो तरी कोणाला तरी ती मिळतील, असे तिने सांगितले. ही आठवण नॉरिस यांनी उतारवयात आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे.

शिक्षकाची नोकरी करीत त्यांनी कायद्याचे शिक्षण पूर्ण केले आणि १८८५ मध्ये ते नेब्रास्कात वकिलीसाठी आले. पुढे ते सरकारी वकील व जिल्हा न्यायाधीश झाले. त्या दशकात तेथील शेतकरी दुष्काळाने आणि कर्जाने पिचून गेले होते. १९०२ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे नॉरिस प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

तेथे त्यांच्याच पक्षाचे सभापती जोसेफ कॅनन यांची अनिर्बंध सत्ता होती. कोणते विधेयक चर्चेला घ्यायचे, कोणत्या समितीवर कोणाला नेमायचे, हे सारे कॅनन ठरवीत, कारण नियम समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. सभापतींना त्या समितीतून वगळण्याचा ठराव लिहून नॉरिस यांनी तो कागद बरेच दिवस खिशात बाळगला होता. मार्च १९१० मध्ये संधी येताच त्यांनी तो मांडला. रात्रभर वादविवाद चालला. अखेरीस बंडखोर रिपब्लिकन आणि विरोधी डेमोक्रॅटिक सभासद एकत्र आले आणि १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव संमत झाला.

१९१३ मध्ये नॉरिस सिनेटमध्ये आले. तोवर सिनेटर निवडण्याचा अधिकार जनतेला नव्हता, राज्याच्या विधिमंडळाला होता. त्यांची पहिली निवडही तशीच झाली. त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन हा अधिकार मतदारांकडे आला आणि पुढील चारही वेळा नॉरिस थेट लोकांसमोर उभे राहिले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ १९१७ मध्ये आला. युरोपात महायुद्ध पेटले होते. अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचे विधेयक अध्यक्ष विल्सन यांनी आणले. हे युद्धात उतरण्याचे पहिले पाऊल आहे, असे नॉरिस यांना वाटले. अधिवेशन ४ मार्चला दुपारी संपणार होते. नॉरिस व त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी चर्चा लांबवत ठेवली आणि वेळ संपल्याने विधेयक तसेच राहिले. देशभर संतापाची लाट उसळली. वृत्तपत्रांनी या सभासदांना देशद्रोही ठरवले. नेब्रास्कातही वातावरण तापले. आपल्या वागण्यावर लोकांनीच निर्णय द्यावा म्हणून, पोटनिवडणूक घेणार असाल तर राजीनामा देतो, असे नॉरिस यांनी राज्यपालांना कळवले. राज्यपालांनी ते मानले नाही. तेव्हा त्यांनी लिंकन शहरात स्वखर्चाने सभागृह भाड्याने घेऊन जाहीर सभा बोलावली. मित्रांनी जाऊ नका म्हणून विनवले. सभेचे अध्यक्षस्थान घ्यायला कोणी पुढे येईना. सुमारे तीन हजार लोक जमले होते आणि व्यासपीठावर नॉरिस एकटेच उभे होते. आपण खरे काय ते सांगायला घरी आलो आहोत, अशी त्यांनी सुरुवात केली.  लगेच टाळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर काही दिवसांतच, ४ एप्रिलला, सिनेटमध्ये युद्धाच्या ठरावावर मतदान झाले. बाजूने ८२ मते पडली, विरुद्ध ६. त्या सहांत नॉरिस होते. या मताची किंमत काय होती, ते इतरांच्या वाट्याला जे आले त्यावरून कळते. लेन आणि स्टोन हे दोघे वर्षभराच्या आसपास वारले. व्हार्डमन १९१८ मध्ये आणि ग्रोना १९२० मध्ये उमेदवारीच्याच लढतीत हरले. ला फॉलेट आणि नॉरिस एवढेच दोघे पुन्हा निवडून आले. नॉरिस यांना तर युद्ध चालू असतानाच, १९१८ मध्ये, मतदारांपुढे जावे लागले होते.

त्यांचे प्रत्येक मत सर्वांना पटेल असे नाही. युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाला आणि त्याबरोबर राष्ट्रसंघालाही त्यांनी विरोध केला. त्याबद्दल इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धात मात्र ते सरकारच्या पाठीशी राहिले.

१९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी स्वपक्षाचे हूवर यांना सोडून डेमोक्रॅटिक उमेदवार अल् स्मिथ यांना पाठिंबा दिला. स्मिथ कॅथलिक होते आणि दारूबंदीच्या विरोधात होते. नॉरिस स्वतः दारूबंदीचे समर्थक. त्यांचे बहुसंख्य मतदारही प्रॉटेस्टंट व दारूबंदीवादी. वीज कोणाच्या मालकीची असावी या प्रश्नावर स्मिथ यांचे धोरण पटले, एवढेच त्यांना पुरेसे होते. पक्षातील विरोधक याचा वचपा काढण्यास टपले होते. १९३० मध्ये त्यांनी जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस याच नावाचा एक किराणा दुकानदार शोधून काढून त्याचा अर्ज भरला. मतपत्रिकेवर एकसारखी दोन नावे आली असती, तर कोणते मत कोणाचे हेच कळले नसते. सुदैवाने तो अर्ज मुदतीनंतर पोहोचल्याने न्यायालयाने रद्द केला आणि खरे नॉरिस विजयी झाले. आपल्याकडच्या निवडणुकांतही ही युक्ती अपरिचित नाही.

विजेचा प्रश्न त्यांनी बारा वर्षे लावून धरला. अलाबामातील टेनेसी नदीवर सरकारने युद्धकाळात बांधायला घेतलेले धरण उद्योगपती हेन्री फोर्ड यांना हवे होते. लोकांच्या पैशाने झालेले धरण लोकांचेच राहावे, म्हणून नॉरिस यांनी तो व्यवहार रोखला. पूरनियंत्रण, वीज आणि शेती यांचा एकत्र विचार करणारे त्यांचे विधेयक संसदेने दोनदा मंजूर केले. एकदा अध्यक्ष कूलिज यांनी, दुसऱ्यांदा हूवर यांनी ते अडवले. १८ मे १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. प्राधिकरणाने बांधलेल्या पहिल्या धरणाला नॉरिस यांचे नाव मिळाले. त्या धरणाखाली हजारो कुटुंबांची घरेदारे गेली, हेही विसरता येत नाही. ती नदी नेब्रास्कापासून फार दूर होती. तिच्या विजेचा त्यांच्या मतदारांना काहीच लाभ नव्हता.

लाभ झाला तो अनपेक्षित ठिकाणी. १९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीचा आराखडा करण्यासाठी भारत सरकारने याच प्राधिकरणातील एक अभियंता बोलावला. त्यावेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या योजनेत विशेष लक्ष घातले. १९४८ मध्ये टेनेसीच्याच धर्तीवर दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

पराभूत सभासदांना निवडणुकीनंतर कित्येक महिने मतदानाचा हक्क राही. ती प्रथा मोडणारी १९३३ ची घटनादुरुस्ती नॉरिस यांच्याच चिकाटीने झाली. नेब्रास्काचे विधिमंडळ एकसदनी झाले, तेही त्यांच्या प्रचारामुळे.

१९३६ मध्ये पक्ष सोडून ते अपक्ष म्हणून उभे राहिले आणि जिंकले. १९४२ मध्ये मात्र, वयाच्या ८१ व्या वर्षी, मतदारांनी त्यांना नाकारले. २ सप्टेंबर १९४४ रोजी मॅकूक या आपल्या गावी त्यांचे निधन झाले.

पुढे १९५७ मध्ये सिनेटच्या दालनात पाच थोर सिनेटरांची चित्रे लावण्याचे ठरले. जॉन केनेडी यांच्या समितीने विद्वानांचा कौल घेतला, तेव्हा त्यांनी नॉरिस यांना अग्रस्थान दिले. परंतु नेब्रास्काच्याच दोन्ही सिनेटरांनी हरकत घेतली आणि त्या पाचांत नॉरिस यांचे चित्र लागले नाही.