शिसे, चुना आणि शिवरायांचे जलदुर्ग

रत्नागिरी (प्रतिनिधी) : अंगणात जांभ्याचे चिरे बसवायचे ठरले, की चिरा कोणत्या खाणीचा आणायचा यावर कोकणातल्या घरात चार दिवस खल होतो. दरजा कशाने भरायच्या, हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवशी गवंड्यावर सोपवला जातो. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एका राजाच्या बांधकामांत या प्रश्नाला दगडाइतकेच महत्त्व मिळाले होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र लढायांच्या आणि तहांच्या अंगाने आपल्याला मुखोद्गत असते. त्यांनी उभारलेल्या जलदुर्गांच्या सांध्यांतूनही ते वाचता येते.

शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी जन्मलेल्या महाराजांची आरंभीची कारकीर्द सह्याद्रीच्या माथ्यावर घडली. डोंगरी किल्ल्याला कातळाचा पाया आयताच मिळतो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर समुद्राशी गाठ पडली आणि स्वराज्याचे आरमार आकार घेऊ लागले. १६६१ च्या दक्षिण कोकणच्या मोहिमेत राजापूर आणि शृंगारपूर हा आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मुलूख त्यांच्या ताब्यात आला. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि वखारी थाटून बसलेले इंग्रज व डच यांच्या या किनाऱ्यावर आपले राज्य टिकवायचे, तर पाय समुद्रातच रोवावा लागणार, हे त्यांनी ओळखले.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा मुहूर्त झाला. आज स्वतंत्र जिल्ह्याला नाव देणारा हा किल्ला १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. खरी कसोटी पायाची होती. साध्या चुन्याला घट्ट होण्यासाठी हवा लागते आणि वेळही लागतो. भरती-ओहोटीच्या लाटा त्याला तेवढी उसंत देत नाहीत. पायाचे चिरे बसवताना शिशाचा रस ओतला गेला, असे परंपरा सांगते. त्यासाठी पाच खंडी शिसे लागल्याचेही सांगितले जाते. या निवडीमागचा विचार सहज उमगतो. शिसे सव्वातीनशे अंशांच्या आसपास वितळते, फटीत शिरते आणि थंड होताच घट्ट होते. लोखंडासारखे ते गंजत नाही आणि मऊ असल्याने दगडाला फोडतही नाही. पाण्याच्या वरच्या तटासाठी मात्र चुनाच योग्य होता. कोकणात समुद्राचे शिंपले भाजून चुना करीत. तो विरवून, वाळूसह घाण्यात मळून बांधकामाला वापरीत.

हे काम चालू असताना राज्यावर एकामागून एक संकटे आली. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. पुढल्या वर्षी महाराज आग्र्याच्या कैदेत अडकले आणि ऑगस्टमध्ये निसटले. मालवणचे काम या धामधुमीतही तडीस गेले आणि १६६७ मध्ये सिंधुदुर्ग पूर्ण झाला. त्याच्या तटावर चुन्यात उमटलेले हाताचे व पायाचे ठसे आजही घुमट्यांखाली जपलेले आहेत. ते महाराजांचे मानले जातात आणि येणारा प्रत्येकजण तेथे हात जोडतो.

राज्याभिषेकानंतरचे त्यांचे लक्ष मुरूडसमोरच्या कांसा बेटावर होते. सिद्दीच्या जंजिऱ्यासमोर तेथे पद्मदुर्ग उभा राहत होता. या किल्ल्यासाठी पैसा आणि धान्य पोचवण्याची जबाबदारी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्याकडे होती. ही प्रभावळी म्हणजे लांजा तालुक्यातील आजची प्रभानवल्ली. रसद वेळेवर गेली नाही, तेव्हा जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला अत्यंत कडक पत्र धाडले. सिद्दीने काही देऊन वश केले की काय, असा संशय त्यात उघड बोलून दाखवला आहे आणि जात पाहून गय केली जाणार नाही, अशी ताकीदही आहे. राजधानी रायगडावर असताना बेटावरच्या कामगाराच्या शिध्यावर छत्रपतींची नजर होती. रसद खुंटली, की घाणा थांबणार आणि तटही अर्धा राहणार, हे ते जाणून होते. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांचे निधन झाले.

पद्मदुर्गाच्या तटावर आज एक विलक्षण दृश्य दिसते. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड आत झिजले, पण त्यांच्यामधला चुना तसाच बाहेर उभा आहे. दूरून पाहिले तर तट मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भासतो. समुद्राशी झुंजणाऱ्या तटाच्या दृष्टीने हा सांध्याचा विजयच होय. दगड खंगले तरी भिंत एकसंध राहिली.

घरच्या अंगणाचे गणित मात्र वेगळे आहे. जांभा सच्छिद्र असतो आणि कोकणच्या पावसात भरपूर पाणी पितो. दरजा कडक सिमेंटने गच्च बुजवल्या, की ते पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही. ते चिऱ्यातच साठते आणि कडा ढलपू लागतात. दरज दगडापेक्षा थोडी मऊ असावी. झिजलीच तर ती पुन्हा भरता येते. चिरा बदलणे अधिक खर्चाचे. चुन्याचे काम पावसाळा संपल्यावर हाती घ्यावे आणि ते घट्ट होईपर्यंत ओलसर ठेवावे. त्याला वेळ लागतो, एवढाच त्याचा दोष.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्यांत हर्णैचा सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत, पद्मदुर्ग नाही. या तटांची डागडुजी करताना घाईने सिमेंटचे थापे मारले गेले, तर जुन्या दगडांचेच नुकसान होईल. महाराजांच्या काळी पाणी कोठे आदळते, हे पाहून सांध्यासाठी शिसे किंवा चुना निवडला गेला. त्यांचे किल्ले जपताना आपणही तेवढा विवेक दाखवायला हवा.