रक्ताची साक्ष काढणारा माणूस

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची आवराआवर करून जरा टेकले होते, तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. मुलगी म्हणजे तशी दोन लेकरांची आई, पण वय जेमतेम पंचवीस. माहेर दौंड तालुक्यातलं, सासर आमच्या शिरूरच्या बाजूला. नाव-गाव लिहायचं नाही असं मी तिला कबूल केलंय, तेव्हा इतकंच. हातात पिशवी आणि पिशवीत तीन कागद. एक मुलाचं शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड, त्यावर रक्तगट ए. दुसरं नवऱ्याचं कंपनीतलं ओळखपत्र, त्यावर ओ. तिसरी तिची बाळंतपणाची फाईल, त्यावरही ओ.

गावातल्या कुणा विज्ञान शिकलेल्या पोराने हिशेब मांडून सांगितलं होतं की ओ आणि ओच्या पोटी ए होत नाही. झालं! सासूने बोलणं टाकलं. नवरा मारहाण करणारा नव्हता, पण ओसरीवर झोपायला लागला. मुलाला जवळ घेईना. शेवटी ही माहेरी निघाली, तेव्हा आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी तिला एस.टी.त बसवायच्या आधी माझ्याकडे धाडलं. ताई, तुम्ही शिबिरं घेता ना रक्ताची, मग तुम्हीच सांगा यात खरं काय, असं तिचं म्हणणं.

आता मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. शिबिरात बसून चहा-बिस्किटं वाटताना जेवढं कानावर पडतं तेवढंच माझं ज्ञान. ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्या पोराचा नियम बरोबर आहे, पण कागदांवर जाऊ नका, तिघांची तपासणी चांगल्या रक्तपेढीत पुन्हा करून घ्या. नवऱ्याला तयार करण्यात चार-पाच दिवस गेले. त्या दिवसांत मला काही सुचेना. एका बाईचा संसार ज्या अक्षरावर अडकलाय ते अक्षर आलं कुठून, हे तरी बघावं म्हणून वाचायला बसले, आणि कार्ल लँडस्टायनर नावाच्या माणसाशी ओळख झाली.

हा गृहस्थ ऑस्ट्रियाचा. १४ जून १८६८ ला व्हिएन्नाजवळ जन्मला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार. पण कार्ल सहा वर्षांचा असतानाच ते गेले आणि आई फॅनीने एकटीने त्याला वाढवलं. एकुलता एक मुलगा आणि विधवा आई, या जोडीचं काय असतं ते आपल्याला सांगायला नको. १९०८ मध्ये आई वारली तेव्हा त्याने तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला, आणि तो आयुष्यभर त्याच्या झोपण्याच्या खोलीत भिंतीवर होता. लग्न केलं तेही आई गेल्यानंतर आठ वर्षांनी, वयाच्या ४८ व्या वर्षी! (हेलेन बाईंचं मला कौतुकच वाटतं. सासू भिंतीवरून कायम बघतेय!)

१८९१ मध्ये तो डॉक्टर झाला, पण दवाखाना थाटला नाही. ओढा रसायनशास्त्राकडे. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून आला, आणि १८९८ पासून दहा वर्षं व्हिएन्नाच्या विद्यापीठात शवविच्छेदनाच्या विभागात राबला. त्या दहा वर्षांत त्याने साडेतीन हजारांहून जास्त शवविच्छेदनं केली. दिवसा मढी आणि उरलेल्या वेळात काचेच्या नळ्या, असं त्याचं चाललेलं.

त्या काळी एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे जुगार होता. काही जण वाचत, काही जण तडफडून जात. का, ते कळत नव्हतं. माणसामाणसांच्या रक्तात गुठळ्या होतात हे दिसत होतं, पण तो आजाराचा परिणाम असावा असा समज. लँडस्टायनरने काय केलं, तर आजारी माणसांच्या मागे न लागता स्वतःचं आणि सोबत काम करणाऱ्या धडधाकट मंडळींचं रक्त घेतलं. प्रत्येकाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वेगळ्या केल्या, वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं, आणि प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पेशींत घालून बघितलं. आपण दुधात लिंबू पिळल्यावर जसं फाटतं, तसं काहींचं झालं आणि काहींचं झालं नाही. उभ्या-आडव्या चौकटी आखून त्याने ते मांडलं. त्यात तीन जाती दिसल्या: ए, बी आणि सी. हा सी म्हणजेच पुढचा ओ. १९०१ मध्ये त्याने हे छापलं. चौथा एबी गट पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांनी शोधला.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या विषयाची आहे. कापडावर वाळवून ठेवलेल्या रक्तावर १४ दिवसांनीसुद्धा ही तपासणी होते, हे त्याने बघितलं होतं. मढी चिरणाऱ्या माणसाला गुन्ह्यांचा विषय अनोळखी नव्हताच. दोनच वर्षांत माक्स रिख्टर या सहकाऱ्याबरोबर त्याने रक्ताच्या डागांवरून माणूस ओळखता येईल का, यावर लिहिलं. पुढे इटलीत लिओने लात्तेस या डॉक्टरांनी वाळलेल्या डागाचा गट काढायची रीत पक्की केली. १९१५ च्या सुमारास तुरिन शहरात त्यांच्याकडे आलेलं प्रकरण खुनाबिनाचं नव्हतं. एका नवऱ्याच्या सदऱ्यावर रक्ताचा डाग होता आणि बायको म्हणत होती की याचं बाहेर काहीतरी आहे. लात्तेसनी डाग तपासून सांगितलं की रक्त नवऱ्याचंच आहे, आणि त्याचा संसार वाचला. मला वाचताना हसूही आलं आणि रागही. कारण त्याच गटाची माणसं त्या शहरात हजारोंनी असणार! पण नवऱ्याला निर्दोष ठरवायला तेवढं पुरलं.

इथेच मला रक्ताच्या साक्षीची खोच कळली. रक्तगट नक्की काय सांगू शकतो, तर हे याचं नाही, एवढंच. हे याचंच आहे असं तो सांगू शकत नाही. बोटाच्या ठशाचं वेगळं. ठसा माणसाकडे बोट दाखवतो. (ते शास्त्रही आपल्याकडेच वाढलं बरं का! १८५८ मध्ये बंगालात हर्शेल साहेबाने करारावर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. तिथे ठसे लावण्याची पद्धत बसवणारे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे आपले दोघे. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं, हेन्रीचं.) त्याच सुमारास जलपाईगुडीच्या चहामळ्यातल्या मॅनेजरचा खून झाला. तिथे एका पंचांगावर रक्ताने माखलेला अंगठा उमटला होता. तो जुन्या नोकराचा निघाला. गंमत अशी की कोर्टाने त्याला चोरीची शिक्षा दिली, पण खुनातून सोडलं. अंगठा तिथे टेकला एवढं सिद्ध झालं, सुरी कुणी चालवली ते नाही. पुरावा जेवढं बोलतो तेवढंच ऐकायचं, हे त्या न्यायाधीशाला कळलं होतं. आमच्या गावच्या ओसरीवर ते कोण सांगणार?

बापलेकांच्या नात्याचा हिशेब लँडस्टायनरने नाही, त्याच्यामागून आलेल्यांनी मांडला. आई-बापाकडून एकेक वाटा मुलाला येतो. ओ म्हणजे देण्यासारखा ए किंवा बी जवळ नसणं. म्हणून दोघे ओ असतील तर मूल ओच. १९२० च्या दशकात जर्मनी-ऑस्ट्रियातल्या कोर्टांत हे वापरायला सुरुवात झाली. १९२७ मध्ये लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हाइन यांनी एम, एन आणि पी हे आणखी गट शोधले आणि चाळणी आणखी बारीक झाली.

तोवर त्याचे स्वतःचे बरेच हाल होऊन गेले होते. १९०८ मध्ये त्याने पोलिओ हा माकडांना देता येतो, म्हणजे तो संसर्गाचा आजार आहे, हेही दाखवलं होतं. तरी पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात खायचे वांधे झाले. लग्नाची बायको आणि तान्हा मुलगा घेऊन १९१९ मध्ये तो हॉलंडमध्ये हेगला गेला आणि एका लहानशा हॉस्पिटलात लघवी-रक्ताच्या रोजच्या तपासण्या करत बसला. ज्याने रक्ताची जात शोधली तो पन्नाशीत लॅब टेक्निशियनचं काम करतोय! १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचं बोलावणं आलं तेव्हा कुठे सुटका झाली. नोबेल मिळालं १९३० मध्ये. शोध लागून २९ वर्षं झाली होती.

१९४० मध्ये त्याने अलेक्झांडर वीनर यांच्याबरोबर आरएच घटक जाहीर केला. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह म्हणतो ना आपण, तेच हे. निगेटिव्ह आईच्या पोटात पॉझिटिव्ह बाळ आलं की पहिलं बहुतेक नीट होतं आणि पुढची दगावू शकतात. का, ते यातून उलगडलं. आपल्याकडे अशा बायकांना पांढऱ्या पायाची म्हणत, मूलखाई म्हणत. आता बाळंतपणानंतर तीन दिवसांत एक इंजेक्शन घेतलं की बहुतेक वेळा ते टळतं. बचत गटाच्या बैठकीत मी हे दर वेळी सांगते. पहिल्याच चेकअपला गट बघून घ्या, आणि निगेटिव्ह असाल तर डॉक्टरांना इंजेक्शनचं विचारायला लाजू नका.

एवढं वाचून माझा जीव आणखीच खाली-वर व्हायला लागला. नियम तर पक्का होता. म्हणजे ती मुलगी...? खोटं कशाला बोलू, एक दिवस माझ्याही मनात पाल चुकचुकली.

मग डॉक्टरांनी मुंबईची गोष्ट सांगितली. १९५२ मध्ये परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासह, काही माणसं अशी दाखवली की ज्यांना कुणाचंच रक्त जुळेना, ओसुद्धा. ए, बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. यालाच बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक जण असा असतो. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण आत ए किंवा बीचा वाटा लपलेला असू शकतो, आणि तो मुलात उघडपणे येतो. म्हणजे कागदावर ओ असलेल्या आईबापांना ए मूल होऊ शकतं, अगदी रीतसर! लँडस्टायनर तेव्हा हयात नव्हता. २४ जून १९४३ ला प्रयोगशाळेतच, हातात काचेची नळी असताना, त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी तो गेला. शेवटच्या काळात तो थायरॉइडच्या कर्करोगावर काम करत होता, कारण हेलेन बाईंना तोच आजार होता. त्याच वर्षी नाताळात त्याही गेल्या.

पाचव्या दिवशी तिघांचं रक्त दिलं. नवरा मान खाली घालून बसलेला, पोरगं सुई बघून रडायला लागलं तर त्याने आपसूक त्याला मांडीवर घेतलं. रिपोर्ट आला. मुलगा ए. ती ओ. आणि नवरा ए! बॉम्बेबिंबे काही नाही. नोकरीला लागताना कुठल्याशा शिबिरात घाईघाईत बघून कुणीतरी ओ लिहिलं होतं, आणि तेच ओळखपत्रावर छापलं गेलं. अपघात झाला असता आणि कुणी त्या कार्डावर विसंबून राहिलं असतं तर काय, हा विचार तर कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. सगळं लक्ष तिच्या चारित्र्यावर!

कायदा या बाबतीत आपल्या सासरपेक्षा शहाणा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमात होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमातही तेच आहे, की लग्नात झालेलं मूल हे नवऱ्याचंच धरायचं. त्या काळात दोघांची गाठच पडणं शक्य नव्हतं असं दाखवलं तरच गोष्ट वेगळी. १९९३ मध्ये गौतम कुंडू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या संशयावरून, ऊठसूट रक्ततपासणीचा हुकूम देता येणार नाही, आणि कुणाला बळजबरीने रक्त द्यायला लावता येणार नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की ताई, हे आधी ठाऊक असतं तर मी रक्त दिलंच नसतं. मी गप्प बसले. कारण रक्त द्यायला तिला मीच लावलं होतं.

ती सासरीच आहे. नवरा ओसरीवरून घरात आला. सासूने झाल्या गोष्टीचा विषय आजवर काढलेला नाही, माफी तर दूरच. तो रिपोर्ट तिने प्लास्टिकमध्ये घालून मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर पेटीत ठेवलाय.

१४ जून हा लँडस्टायनरचा जन्मदिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळतात. आम्हीही त्या दिवशी शिबिर घेतो. आता नियम केलाय, नळीवरचं नाव आणि कार्डावरचं नाव दोघींनी मोठ्याने वाचायचं, मगच गट लिहायचा. मागच्या खेपेला माझ्यासमोर बसून नावं वाचत होती ती हीच.