तळ्याकाठचे चित्रकार

आपला भंडारा जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध आहे. मोहाडीच्या मुलांना तळे नवीन नाही. परंतु तीच तळी वर्षानुवर्षे पाहून त्यांची चित्रे काढणारे एक थोर कलावंत महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

आबालाल कोल्हापूरचे. कुराण शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करून त्या नक्षीने सजवण्याची त्यांच्या घराण्यात परंपरा होती. सुबक अक्षरे आणि नाजूक वेलबुट्टी यांचा संस्कार त्यांच्यावर घरातच झाला. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले.

कोल्हापूरला परतल्यावर त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. महाराजांच्या शिकारीची चित्रेही त्यांनी काढली. पण त्यांचे मन खरे रमले ते रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगा यांच्या काठी. कोटितीर्थाजवळ ते साधेपणाने, एकटेच राहत.

रंकाळ्यात संध्यामठ नावाची जुनी दगडी वास्तू आहे. तळे भरले की तिचा बराच भाग पाण्यात बुडतो. आबालालांचे संध्यामठाचे चित्र प्रसिद्ध आहे. निसर्गचित्रात राजा नसतो, लढाई नसते. मग पाहायचे काय? आधी उजेड कोणत्या बाजूने येतो, ते शोधावे. मग दगडाचा रंग आणि पाण्यातील प्रतिबिंबाचा रंग यांची तुलना करावी. चित्राजवळ गेल्यास रंगांचे लहान लहान फटकारे दिसतात. चार पावले मागे आल्यास त्यांचेच पाणी, झाड आणि आकाश होते. असे निवांत पाहिले म्हणजे चित्रातील वेळ आणि ऋतू उमगू लागतो.

१९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. आबालालांचा मोठा आधार गेला. त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात बुडवली, असे सांगतात. ज्या तळ्याने चित्रे दिली, त्याच तळ्याने ती परत घेतली! १९३१ साली आबालालही हे जग सोडून गेले. त्यांची थोडीच चित्रे मागे उरली. म्हणूनच ती फार मोलाची आहेत.

मुलांनो, तुमच्या गावचे तळे एकदा सकाळी आणि एकदा सूर्य मावळताना पाहा. पाणी तेच असेल, पण रंग वेगळे दिसतील. आबालालांनी जन्मभर तेच रंग टिपले.