स्पिटफायरचा अकाली हरपलेला शिल्पकार

दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या डायकास्ट प्रतिकृती जमवणाऱ्यांच्या कपाटात स्पिटफायर नाही, असे सहसा घडत नाही. बहात्तर पटींनी लहान केलेल्या या विमानाच्या पंखांचा विस्तार जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर भरतो. तरी ते लंबवर्तुळाकार पंख दुरूनही ओळखू येतात. ज्यांच्या हाताखाली हे विमान घडले, ते रेजिनाल्ड जोसेफ मिचेल मात्र ते युद्धात उतरण्यापूर्वीच निवर्तले.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात २० मे १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी ते रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. दिवसा कारखान्यात काम आणि रात्रीच्या वर्गांत शिक्षण, असा त्यांचा क्रम होता. पुढे साउदॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत ते पंचविशीतच मुख्य अभियंता झाले. त्यांनी आखलेल्या सागरी विमानांनी १९२७, १९२९ आणि १९३१ मध्ये श्नायडर करंडक जिंकला आणि तो कायमचा ब्रिटनकडे आला.

या यशानंतर कसोटीचा काळ आला. १९३३ मध्ये कर्करोगामुळे त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. १९३४ मध्ये उडालेले त्यांचे लढाऊ विमान वेगात कमी पडले. प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी तो आराखडा बाजूला सारून नवा हाती घेतला. पातळ पंख, आत मिटणारी चाके आणि रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन ही त्याची वैशिष्ट्ये होती. पंखांच्या त्या आकारात त्यांचे सहकारी बेव्हर्ली शेनस्टोन यांचा मोठा वाटा होता. ५ मार्च १९३६ रोजी पहिले स्पिटफायर आकाशात झेपावले. आजार पुन्हा उलटला आणि ११ जून १९३७ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, मिचेल यांचे निधन झाले.

१९३८ मध्ये स्पिटफायर हवाई दलात दाखल झाले. बडोदा आणि हैदराबाद संस्थानांची नावे धारण करणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व १५२ क्रमांकाच्या तुकड्यांनीही ते वापरले. १९४० मध्ये मेकॅनो कंपनीने आपल्या डिंकी मालिकेतील चिमुकले स्पिटफायर कडी लावून, खऱ्या विमानांसाठीच्या निधीला मदत म्हणून विकले. युद्धकाळात आणि त्यानंतर मिळून वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बांधली गेली. संग्राहक आज त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारीशेजारी मांडतात. मिचेल यांच्या हयातीत उडालेले स्पिटफायर मात्र एकच होते.